कुंडली पाहिली, पंचांग कोण पाहणार?

आपल्याकडे शास्त्रातल्या शब्दांनाही सुगीचे दिवस येतात. एखादा शब्द समुद्रापलीकडून येतो, त्याची मिरवणूक निघते, आणि मग काही वर्षे त्याच्यावाचून कोणत्याही भाषणाचे, अहवालाचे किंवा अनुदानाच्या अर्जाचे पान हलत नाही. शेतीशास्त्रात सध्या हा मान ‘जनुक’ या शब्दाला आहे. पीक दुष्काळात तगत नाही? तगण्याचे जनुक शोधा. दाणा भरत नाही? दाणा भरण्याचे जनुक शोधा. २००९ साली ज्वारीचा सबंध जनुकसंच, म्हणजे सुमारे ७३ कोटी अक्षरांची ती पोथी, वाचून प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तर पुष्कळांची अशी समजूत झाली आहे की बियाण्याची कुंडली आता हातात आली. भविष्य सांगायचे तेवढे राहिले.

माझे भांडण या समजुतीशी आहे. कुंडलीवर माझा राग नाही. ती मांडायला लागलेली बुद्धी आणि मेहनत यांबद्दल मला आदरच आहे. पण गावचा जोशीदेखील नुसत्या कुंडलीवर मुहूर्त काढत नाही. तो आधी पंचांग उघडतो. शेताचे पंचांग म्हणजे तिथली माती किती खोल, तिच्यात पाणी किती मुरले, हस्ताचा पाऊस झाला की नाही, मार्गशीर्षात दुपारची हवा किती कोरडी, रात्र किती थंड. हे पंचांग न उघडता नुसत्या जनुकांवरून पिकाचे भविष्य सांगणे याला मी शास्त्र म्हणायला तयार नाही.

आता कोणी म्हणेल, पंचांग उघडायचे म्हणजे करायचे तरी काय? उत्तर जुने आहे. पिकाची वाढ दिवसागणिक गणिताने मांडण्याची विद्या १९६० नंतरच्या दशकात हॉलंडमध्ये वाखेनिंगन येथे द विट यांनी रुजवली. पुढे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तिची मोठी झाडे झाली. शास्त्रज्ञ तिला ‘मॉडेल’ म्हणतात. मी सरळ ‘पिकाचे गणित’ म्हणणार आहे. हे गणित आणि जनुके यांची सोयरीक जमवण्याचा प्रयत्न १९९६ साली घेवड्यावर झाला. व्हाइट आणि होगेनबूम या दोघांनी घेवड्याच्या सात जनुकांची नोंद गणितात घालून पीक कसे येईल ते काढून पाहिले. २००३ साली फ्रान्समध्ये मक्याचे पान उष्णतेला आणि कोरडेपणाला कसा प्रतिसाद देते, त्या प्रतिसादाचेच आकडे जनुकांशी जोडून दाखवण्यात आले. म्हणजे ही सोयरीक काही कालची नाही. तरीही आपल्या इकडे तिची वार्ता फारशी कोणाला नाही, आणि ज्यांना आहे त्यांतले निम्मे तिला हसतात. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पिकाच्या वाढीचे गणित आणि बियाण्याची जनुके यांचा मेळ घातल्यावाचून कोरडवाहू शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असे नवे वाण निपजणे कठीण आहे. आणि हा मेळ घालताना ‘चांगले वाण’ कशाला म्हणायचे हे त्या शेतकऱ्याला विचारले नाही, तर हे नवे शास्त्र जुन्याच चुका अधिक वेगाने करील.

*

उदाहरण घरचेच घेऊ. सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा या टापूत शाळू पिकतो. पुण्या-मुंबईचा वाचक त्याला हुरड्यापुरता ओळखतो. हे पीक पावसाळ्यात नव्हे, पावसाळा सरताना पेरायचे. उत्तरा-हस्ताच्या सुमारास वापसा आला की तिफण चालते, आणि त्यानंतर वरून पाणी मिळेल याचा काही नेम नाही. काळ्या जमिनीने पोटात जे साठवले असेल त्याच्यावर चार महिने काढायचे. चांगल्या खोल रानात पिकाला उचलता येईल असे पाणी सुमारे २०० मिलिमीटर असते. मुरमाड, उथळ रानात त्याच्या निम्मेही नसते. म्हणजे शाळू हे पगारावर जगणारे पीक नव्हे, शिलकीवर जगणारे आहे. शिलकीवर जगणाऱ्या माणसाचे सारे शहाणपण एकाच गोष्टीत असते: आधी किती उडवायचे आणि शेवटाला किती राखायचे.

शाळूचा शेवट म्हणजे फुलोऱ्यानंतरचे दिवस. कणीस निसवते, दाणा चिकात येतो, आणि नेमकी तेव्हाच जमिनीला बोटबोट रुंद भेगा पडलेल्या असतात. त्या दिवसांत मुळांना हाती लागलेले थोडे पाणी आधीच्या पुष्कळ पाण्यापेक्षा मोलाचे ठरते. ऑस्ट्रेलियातल्या गव्हावरचे एक मोजमाप २००७ साली प्रसिद्ध झाले आहे. फुलोऱ्यानंतर खोल मातीतून पिकाला मिळालेल्या दर मिलिमीटर जादा पाण्यामागे हेक्टरी सुमारे ५९ किलो दाणा वाढला. गहू आणि शाळू एक नव्हेत हे मला ठाऊक आहे, पण शिलकीच्या व्यवहाराचे तत्त्व तेच आहे. जुने लोक कोळपणीला अर्धे पाणी म्हणतात ते उगीच नव्हे. भेगा बुजवून ते शेवटची शिल्लकच राखत असतात.

आता या शिलकीच्या हिशेबात जनुके कोठे येतात ते पाहा. इथिओपियाच्या ज्वारीपासून निघालेल्या एका वाणात असा गुण आहे की दाणा भरेपर्यंत पाने हिरवी राहतात. शोध घेता त्याच्या गुणसूत्रांवर चार मुख्य पट्टे सापडले, आणि त्यांना एक ते चार असे क्रमांकही मिळाले. कुंडलीवाल्यांना आनंद झाला: हिरवेपणाचे जनुक सापडले! पण क्वीन्सलंडच्या शास्त्रज्ञांनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा निराळेच निघाले. हे पट्टे पानाला शेवटी हिरवे ठेवण्यासाठी शेवटी काही करतच नाहीत. ते जे करतात ते आरंभी. फुटवे कमी, पानांचा पसारा लहान. म्हणून फुलोऱ्याआधी पाणी कमी उडते, जमिनीत शिल्लक राहते, आणि त्या शिलकीवर पाने पुढे हिरवी राहतात. हिरवेपणा हे त्या काटकसरीचे फळ होते.

हा फरक म्हणजे शब्दांचा खेळ नव्हे. ज्या रानात शेवटी पाण्याची ओढ बसते तिथे हा काटकसरी पट्टा वरदान ठरेल. ज्या रानात किंवा ज्या वर्षी पाणी पुरून उरते तिथे तोच पट्टा नुकसान करील. कारण ज्याला खायला भरपूर आहे त्याने उपाशी राहून काय मिळवायचे? जनुक तेच, अक्षरे तीच. फळ मात्र एकीकडे लाभ आणि दुसरीकडे तोटा. कुंडली दोन्हीकडे एकच सांगते. फरक पंचांगात आहे.

*

पिकाचे गणित हे पंचांग उघडते ते असे. आजच्या दिवशी ऊन किती पडले, पानांनी त्यातले किती अडवले, त्यातून किती वाढ व्हायला हवी, त्या वाढीला पाणी किती लागेल, जमिनीच्या प्रत्येक थरात ते आहे का, मुळे तिथवर पोचली आहेत का, पाणी अपुरे असेल तर पान किती आखडेल, हा सगळा जमाखर्च ते रोज मांडते. आजची शिल्लक उद्याच्या पानावर ओढते. पेरणीपासून काढणीपर्यंत असे सव्वाशे दिवस मांडले की शेवटी दाणा किती आणि कडबा किती हे बाहेर पडते. किराणा दुकानदाराची खतावणी याहून फार वेगळी नसते. फरक इतकाच की हिला सूर्य, माती आणि झाड यांचे नियम पाळावे लागतात.

मेळ घालायचा तो या खतावणीत. ‘उत्पन्न’ नावाचे जनुक जगात कोठेही नाही. जनुक ठरवते ते फुलोऱ्याला किती उष्णता साठावी लागेल, पान केवढे होईल, फुटवे किती, आणि भर दुपारी हवा फार कोरडी झाली की पानावरची सूक्ष्म रंध्रे आवळून पाणी राखायचे की उधळायचे. हे गुण गणितात घाला, हवापाणी आणि माती घाला. मग उत्पन्न आपोआप निघते, आणि रानागणिक वेगळे निघते. नुसत्या जनुकांच्या जंत्रीवरून भाकीत करण्याची पद्धत २००१ पासून प्रसिद्ध आहे, आणि गुरांच्या पैदाशीत तिने मोठे काम केले आहे. पण पिकाच्या बाबतीत ती जिथे अडते ती जागा हीच. वाण एका रानात पहिले आणि दुसऱ्या रानात शेवटचे आले की आकडेशास्त्र त्याला एक लांबलचक नाव देते आणि पुढे जाते. नाव दिल्याने रोग बरा होत नसतो.

हे सारे हवेतले बोलणे नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत खोल नळकांड्यांत माती भरून, झाडे लावून, ती नळकांडी वारंवार तोलून प्रत्येक झाडाने कोणत्या आठवड्यात किती पाणी प्याले हे मोजले जाते. तिथल्या मंडळींनी क्वीन्सलंडच्या सहकाऱ्यांबरोबर २०१३ साली आपल्या रब्बी टापूतल्या दुष्काळाचे नमुने गणिताने वेगळे करून दाखवले. सगळा दुष्काळ एक नसतो. कुठे तो फुलोऱ्याआधीच गाठतो, कुठे दाणा भरताना. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळूच्या सर्वांत रूढ वाणात एकेक गुण गणितातल्या गणितात घालून पाहिला. कोरड्या हवेत पाणी राखणारा गुण सर्वांत लाभदायक निघाला, आणि मुळांची पाणी ओढण्याची ताकद त्याच्या जोडीला असली तर अधिकच. पानांचा पसारा लहान केला तर कडक दुष्काळात दाणा वाढला. पण सौम्य दुष्काळात कडबा घटला. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

*

या मेळाला हसणारे जे आहेत त्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, हे कागदी पीक आहे. वाण निवडायला लागते ती नजर. मोहोळच्या केंद्रावर १९३० नंतरच्या दशकात मालदांडीतून निवडलेले ‘एम ३५-१’ कोणत्या गणितातून निघाले होते? नव्वद वर्षे होत आली, अजून ते शेतात उभे आहे. तुमचे यंत्र असे एक तरी वाण दाखवील काय?

या म्हणण्यात जोर आहे, आणि एम ३५-१ पुढे मीही हात जोडतो. पण त्याच उदाहरणाचा दुसरा अर्थ हे लोक पाहत नाहीत. नव्वद वर्षांत नजरवाल्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या, नवी वाणे निघाली, त्यांतली काही चांगलीही आहेत, आणि तरी त्या जुन्या वाणाचे आसन पुरते हललेले नाही. असे का व्हावे? नजरेला झाड दिसते. दोन हात खोल मातीतले पाणी दिसत नाही. नजरेला यंदाचे वर्ष दिसते. पुढची तीस वर्षे दिसत नाहीत. मोहोळला जी नजर कमावली ती मोहोळच्या मातीवर आणि त्या काळच्या हवेवर. आज हवा बदलते आहे, आणि नव्या हवेवर नजर कमवायला आणखी नव्वद वर्षे आपल्याला कोणी देणार नाही. गणित नजरेला हटवायला आलेले नाही. ज्या जागी नजर पोचत नाही तिथे दिवा धरायला आलेले आहे.

पलीकडच्या बाजूला कात्रीवाले आहेत. मे २०२५ मध्ये जनुक-संपादनाने घडवलेली भाताची दोन वाणे आपल्या सरकारने जाहीर केली. आता जनुक शोधायचेही नको, हवे तसे कापून घ्या, असा उत्साह आहे. कात्री उत्तम आहे, हे मला मान्य. पण शिंप्याला कात्रीआधी माप लागते. कोणत्या रानासाठी कोणता गुण किती बदलायचा, हे माप कात्री सांगत नाही.

गणितात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही. खोडमाशीने पोंगा खाल्ला तर गणिताच्या खतावणीत सहसा त्याची नोंद होत नाही. खडखड्या रोगाने ताट लोळले तर तेही बहुधा सुटते. आणि भाकरीची चव मांडणारे समीकरण अजून कोणी लिहिलेले नाही. पण या उणिवा दाखवणाऱ्यांना मी विचारतो: मग ती नोंद घालायला तुम्ही कधी बसणार? गणितातल्या चुका निदान उघड्या असतात आणि दुरुस्त करता येतात. मनातल्या अंदाजाचे तसे नसते.

*

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गणित आणि जनुके यांचा मेळ घातला की आपल्या हाती एक फार आज्ञाधारक चाकर येतो. जे मागाल ते तो शोधून आणतो. म्हणूनच मागायचे काय, हा प्रश्न पूर्वीपेक्षा गंभीर झाला आहे.

आजवर आपण मागितले ते एकच: दाण्याचे सरासरी उत्पन्न. ही सरासरी काय करते ते कल्पनेतल्या दोन वाणांवर पाहू. एक वाण तीन वर्षांत एकरी ९, ९ आणि १ क्विंटल देते. दुसरे ६, ६ आणि ४. पहिल्याची सरासरी सव्वासहाच्या वर, दुसऱ्याची सव्वापाचच्या किंचित वर. परीक्षेत पहिले वाण पास, दुसरे नापास. पण ज्या घरात ती तीन वर्षे काढायची असतात त्या घराला विचारा. एक क्विंटलच्या वर्षी दावणीची बैलजोडी जाते आणि पुढच्या वर्षी नऊ क्विंटल पिकवायला दावण रिकामी असते. वाणाची सरासरी शेतकरी खात नाही. तो त्या त्या वर्षीचे पीक खातो. तीस-चाळीस वर्षांचे हवामान घालून कोणते वाण किती वर्षे घर बुडवील हे पिकाचे गणित सांगू शकते. शेतातल्या दोन-तीन हंगामांच्या चाचणीला ते सांगता येत नाही. पण गणित ते सांगेल ते विचारले तरच.

दुसरी गोष्ट कडब्याची. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. ते खरिपाचे, बुटके आणि भरघोस दाण्याचे. अन्नटंचाईच्या त्या काळात त्याने पोती भरली, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण ताट बुटके, वैरण कमी. पावसात सापडलेला दाणा काळवंडे. आणि भाकरीला मालदांडीची सर नव्हती. तेव्हापासून ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या बोलीत जवळजवळ शिवीसारखा शिरला. लोकांनी नावे ठेवली ती शास्त्राला नव्हे, शास्त्राच्या मापाला. मापात दाणा होता, जनावर नव्हते. शाळूच्या टापूत दुष्काळी वर्षी कडब्याची पेंढी अशी भाव खाते की दाण्याचे आणि वैरणीचे मोल जवळ येते. तिथला शेतकरी एकाच पेरणीत माणसाचे आणि गुराचे असे दोन्ही ताट वाढत असतो.

आता मघाचे वाक्य आठवा: पानांचा पसारा लहान केला तर कडक दुष्काळात दाणा वाढला, पण सौम्य दुष्काळात कडबा घटला. गणिताने हे आधीच सांगून ठेवले आहे. त्या शास्त्रज्ञांनी कडबा मोजला म्हणून ते दिसले. उद्या दुसऱ्या कोणी मोजला नाही, तर तेच गणित त्याला बिनबोभाट बुटक्या, अरुंद पानांच्या, दाण्याने लगडलेल्या झाडाकडे नेईल, आणि १९६४ चीच गोष्ट पुन्हा घडेल. या वेळी अधिक नेमकेपणाने आणि अधिक थोड्या वर्षांत.

तिसरी गोष्ट मालकीची. हा मेळ व्यवहारात सर्वांत पुढे नेला तो अमेरिकेत, मक्यात, पायोनिअर या बियाणे कंपनीने. तिचे दुष्काळात तगणारे मक्याचे वाण २०११ साली बाजारात आले. वाढीचे गणित आणि सबंध जनुकसंचावरून केलेले भाकीत यांना एकत्र गुंफण्याची रीत तिच्याच शास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केली. त्यांनी ती छापली, हे त्यांना शोभणारेच आहे. कंपनीने नफ्याचे पीक निवडले याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही. दुकानदार दुकानच चालवणार. मंगळवेढ्याचा शेतकरी शाळूचे बी बहुधा घरचेच राखतो किंवा शेजाऱ्याकडून आणतो. तो दरवर्षी बियाण्याची पिशवी विकत घेणारा गिऱ्हाईक नव्हे. त्याच्यासाठी कोणी दुकान मांडणार नाही. म्हणूनच ते काम सरकारी संस्थांचे आणि विद्यापीठांचे आहे.

२०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. मंगळवेढ्याच्या मालदांडीला त्याआधीच भौगोलिक मानांकन मिळाले होते. शहरात ज्वारीची बिस्किटे आली. परंतु महाराष्ट्रातले शाळूचे रान वर्षानुवर्षे आक्रसत आले आहे, आणि जिथे पाणी पोचले तिथे उसाने ते कधीच गिळले. बिस्किटांनी ते परत येणार नाही. कोरडवाहू रानात शाळू पेरणे परवडले तरच ते टिकेल.

तेव्हा माझ्या मागण्या चार आहेत, आणि त्यांतली एकही खर्चाने डोळे पांढरे करणारी नाही. पहिली: प्रत्येक संशोधन केंद्रावर वाणाच्या चाचणीबरोबर मातीची खोली, पेरणीच्या दिवशीची ओल आणि रोजचे हवामान यांची नोंद ठेवावी आणि ती सर्वांना खुली करावी, या आकड्यांवाचून गणित आंधळे आहे. दुसरी: कृषी विद्यापीठात पैदासशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पिकाचे गणित मांडता आलेच पाहिजे, आणि गणित मांडणाऱ्याने एक हंगाम तरी शाळूच्या रानात काढला पाहिजे. तिसरी: वाण पास-नापास करताना सरासरी दाण्याशेजारी कडबा आणि वाईटातल्या वाईट वर्षाचे उत्पन्न हे दोन रकाने बंधनकारक करावेत. चौथी: कोणत्या रानाला कोणते झाड हवे हे ठरवणाऱ्या बैठकीत त्या रानाचा शेतकरी आणि त्याच्या घरात भाकरी थापणारी बाई, दोघेही बसलेली असावीत, पाहुणे म्हणून नव्हे, मत देणारे म्हणून.

यावर नेहमीचे उत्तर येईल की शास्त्र हे शास्त्रज्ञांवर सोपवावे. गणित कसे मांडायचे, जनुक कसे वाचायचे हे मी त्यांच्यावरच सोपवतो. त्यात लुडबूड करण्याची माझी योग्यता नाही. पण चांगले पीक कशाला म्हणावे हा प्रश्न शास्त्राचा नाही. तो ज्याच्या घरात ते पीक यायचे त्याचा आहे, आणि तो आजवर त्याला कोणी विचारलेला नाही. आता हाताशी असे साधन आले आहे की त्याने दिलेले उत्तर प्रत्यक्ष बियाण्यात उतरवता येईल. यापुढे न विचारण्याला अज्ञानाची सबब चालणार नाही.